पिस्तूल त्याने निवडलं, हाक मी मारली

भावांनो, आज दुपारी जे घडलं ते लिहितोय.

ताइफच्या डोंगरातल्या या मळ्यावर मी आखाती युद्धाच्या आधीपासून आहे. युद्ध पेटलं तेव्हा माझ्या मालकाला, कफीलला, रस्त्यावरच्या लुटारूंची आणि डोंगरातल्या लांडग्यांची धास्ती बसली. त्याने दोन पिस्तुलं आणली, एक हलकं, एक जड. कुठलं ठेवायचं? डबे उडवून त्याचं समाधान होईना. म्हणाला, "जिवंत जनावरावर बघायला हवं."

मळ्यावरचं कुत्रं त्याच्याजवळ फिरकत नसे. माझ्या हातची भाकरी खाऊन वाढलेलं ते, आपल्या कोकणातल्या "यू यू" हाकेलाच यायचं. मला वाटलं, घाबरवून सोडून देईल. मी हाक मारली. ते शेपूट हलवत आलं. हलक्या पिस्तुलाने नुसता पाय मोडला. जड पिस्तुलाने काम संपवलं. "खलास," म्हणत त्याने तेच ठेवून घेतलं.

आज त्याचा मुलगा दोन नवी पिस्तुलं घेऊन आला. वाळवंटात तंबू ठोकून राहायचंय, म्हणे सोबत एक हवं. बापाची रीत त्याला ठाऊक आहे. माझं आत्ताचं कुत्रं पाण्याच्या टाकीमागे दडलं होतं.

"यल्ला, चल बशीर, तू बोलव. तुझंच ऐकतं."

आता माझा कफील तोच; माझा इकामा, इथं राहायचा परवाना, रद्द करायला त्याची एक सही पुरे.

मी हाक मारली.

आता द्या शिव्या. फक्त आधी सांगा, तुमचा इकामा कुणाच्या हातात आहे?