शेपटीवरची खूण पुसली गेली

आज लॅबमध्ये माझ्याकडून चूक झाली. पॅरासिटामॉलच्या जादा डोसनं उंदरांचं यकृत बिघडतं. आमच्या लॅबनं बनवलेलं पॉलिमर ते वाचवतं का, हे मी तपासतेय. पिंजरे धुताना पॉलिमर दिलेला एक आणि न दिलेला एक, असे दोन उंदीर मी एकत्र ठेवले. त्यांनी एकमेकांच्या शेपटीवरच्या शाईच्या खुणा चाटून टाकल्या; कुठला कोणत्या गटातला, कळेना.

"टवटवीत दिसतोय तो पॉलिमरचा. लिही की गं," सीनियर ताई म्हणाली.

तसं लिहिलं, तर पॉलिमर गुणकारी ठरणारच.

मी दोन्ही नोंदी खोडल्या, पण वाचता येतील अशा. लहानपणी मुरगूडला बाबांनी घरी लिहायला शिकवताना हेच सांगितलं होतं: चुकलेलं खोडावं, लपवू नये. आता नवे उंदीर, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"एवढं कोण बघत न्हाय," म्हणत ताई सगळ्यांना घेऊन चहाला गेली. मला कुणी हाक मारली नाही.

आपली चूक तुम्ही आधी कुणाला सांगता? मी तुम्हाला सांगतेय.