डिकीत राहिलेलं पाणी

पाच वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हॉल ठरवायला याला पाठवू नका, हा भांडून येतो." काका म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावातले निवृत्त डॉक्टर. त्याच हॉलवाल्याकडून मी दोन तास जास्तीचे मिळवले होते, ते कुणाच्या तोंडून निघालं नाही. मी ते वाक्य विसरलो नव्हतो.

म्हणून बायकोने काकांना घेऊन समुद्रातल्या एका पक्ष्यांसाठी राखीव बेटावर जायचं ठरवलं, तेव्हा मनात म्हटलं, आता दाखवतो त्यांना.

धक्क्यावर बोटवाला म्हणाला, "माणशी गॅलनभर पाण्याचा एक कॅन न्या. तिकडे नळ नाही, दुकान नाही, सावली नाही. मी चारला न्यायला येईन."

समोरच्याने सांगितलेला आकडा मी आयुष्यभर निम्म्याखाली आणत आलो. घर त्यावरच उभं केलंय. काकांच्या हातातले दोन्ही कॅन घेऊन मी गाडीच्या डिकीत टाकले. "घाबरवतोय तो, काका. आपल्या एका कॅनमध्ये भागतं. ओझं कशाला?"

"तू व्यवहारातला माणूस," काका हसले. "तू म्हणतोस तर राहू दे."

बेटावर खरंच काही नव्हतं. वाळू, गवत, पेलिकन पक्षी आणि ऊन. एक वाजता पाणी संपलं. दोनला काका वाळूतच बसले. ओठ पांढरे पडले होते. "काही नाही रे, बसतो जरा." बायको त्यांच्या डोक्यावर ओढणी धरून उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मी किनाऱ्याने पळत सुटलो. बऱ्याच अंतरावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. मी धापा टाकत पाणी मागितलं आणि पाकीट काढलं. किती द्यावेत, हे तेव्हाही डोक्यात चाललं होतं. त्याने पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि भरलेला कॅन हातात दिला.

"पाणी आहे ते, विकायचं नसतं," तो म्हणाला. "पळ."

पुढच्या मीटिंगमध्ये काका उभे राहिले. "त्या उन्हात पळत जाऊन याने पाणी आणलं, म्हणून मी आज इथे आहे." टाळ्या पडल्या. पाच वर्षं मला त्यांच्याकडून असंच काहीतरी हवं होतं. डिकीतल्या कॅनबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

मीही नाही. बायको माझ्या शेजारून उठली आणि चहाचे कप गोळा करू लागली.