पोचले का रे, पोट्टेहो?

परवा आमच्या ऑफिसातल्या एका पोरीनं मला शिकवायला घेतलं. मला! "ताई, हे बघा, इथं वेळ टाकायची, इथं ग्रुप निवडायचा, इथं मेसेज लिहायचा. झालं ऑटोमॅटिक. कोडिंग-बिडिंग काही यायची गरज नाही." मी चूपचाप ऐकून घेतलं. माझ्या स्वभावात बसत नाही ते. अगदी ओठावर आलं होतं की अवं माय, तू शाळेत असशील तेव्हा आर्वीत बसून मी हेच करत होते. पण तिनं नमुना म्हणून जी वेळ टाकली ती संध्याकाळची सातची होती. सात म्हटलं की माझं बोलणं जरा अडतं.

आता मी सावंगीच्या बाजूला नोकरी करते. एसी आहे, ओळखपत्र गळ्यात आहे, चहा मशीनमधून येतो आणि तो कोणालाच आवडत नाही. त्याआधी आर्वीत ठिबक सिंचनाच्या एका एजन्सीत होते. पुढं दुकान, मागं गोदाम, मधल्या खोलीत मी आणि एक कूलर. तो हवा कमी अन् आवाज जास्त द्यायचा. आमचे फिटर गावोगावच्या वावरांत जाऊन नळ्या जोडायचे, फिल्टर दुरुस्त करायचे. त्यांचे मुख्य होते काका. नावानं त्यांना कोणी हाक मारतच नव्हतं. ज्यांच्या मालकीची एजन्सी होती ते शेठसुद्धा काकाच म्हणायचे. काका तळेगावचे, रोज फटफटीनं जाणं-येणं. आवाज असा की गोदामात बोलले तरी दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं.

एकदा दिवेलागणीला आमच्या एका फिटरच्या गाडीसमोर रोही आलं. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडं ती कपाशीतून कधी रस्त्यावर येईल, नेम नाही. पोरगं गाडीसकट नालीत गेलं, पाय गाडीखाली, मोबाइल कुठल्या कुठं. घरच्यांना वाटलं कामावर आहे, आम्हाला वाटलं घरी पोचला. बैलबंडी घेऊन परतणाऱ्या एका शेतकऱ्याला कण्हणं ऐकू आलं, म्हणून वाचला. पाय जोडला गेला, दोन महिन्यांत पोरगं पुन्हा कामावर आलं. पण काकांच्या मनातून ते काही जाईना. "आपल्याच पोट्ट्याले आपन विचारलं नाई," एवढंच म्हणत राहायचे.

तेव्हापासून रोज सातला काका प्रत्येकाला फोन लावायला लागले. "पोचला का रे?" बस. समोरून "पोचलो काका" आलं की फोन बंद. कोणी गप्पा मारायला गेलं तर, "बोलायले नाई लावला फोन, ठेव."

माझं काम वेगळं, पण कटकट तीच. सकाळी सगळ्यांना लिहायचं, "आज कोण कुठं?" दुपारी लिहायचं, "कामाचे फोटो टाका." मग शेतकऱ्याची तक्रार आली की ती उचलून त्या बाजूच्या फिटरला पाठवायची. रोज तेच, तेच अन् तेच. बोटं कावली होती, डोकं त्याहून जास्त. अशात शेठनी ऑफिसचं म्हणून एक चॅट ॲप आणलं. आधी मी नाकच मुरडलं. पण त्यात एका कोपऱ्यात चौकटी जोडायची सोय सापडली. पहिल्या चौकटीत कधी ते सांगायचं, दुसरीत कोणाला, तिसरीत काय. रोज सकाळी नऊला, फिटरांच्या ग्रुपला, "आज कोण कुठं?" एकदा चौकटी जोडल्या की आपण कूलरसमोर बसा नाहीतर गावाला जा, मेसेज आपला जातोच. मग तक्रारींचं केलं. तालुका आर्वी असेल तर याच्याकडं, आष्टी असेल तर त्याच्याकडं. एक ओळ प्रोग्रामची लिहिली नाही. शेठ म्हणाले, "बाप्पा! तू तं इंजिनीअर निघाली वो!" मी बी.ए. झालेली, तेही मराठी घेऊन. घरी जाऊन आईला तीनदा सांगितलं.

हे काकूंच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, कानावर गेलं. त्यांनी मला थेट फोन करून झापलं. "तुमचं मशीन सारं करते म्हनता, मंग याइचा सातचा तमाशा काऊन नाई करत? फिटर पोट्टे वाढून राह्यले अन् याइची भाकर रोज थंडी होऊन राह्यली."

झालं, मी भिडले. सात वाजता सगळ्या फिटरांना मेसेज. ज्याचं उत्तर अर्ध्या तासात आलं नाही त्याचं नाव काकांना जाईल, मग त्या एकालाच फोन करायचा. काका ऐकून घेत होते, पण चेहरा पटल्याचा नव्हता. "मशीनले काय पडली हाय कोन पोचला त्याची?" म्हणाले. मी म्हटलं, "काका, पडली तर तुम्हाला आहे. ती फक्त विचारते."

पहिल्या दिवशी मराठीची पदवी माझ्या अंगात आली. मी लिहिलं, "कृपया आपण सुखरूप पोहोचल्याची नोंद करावी." एकाचंही उत्तर नाही. सगळ्यांची नावं काकांकडं, काकांचे सगळ्यांना फोन, आणि काकूंचा मला. दुसऱ्या दिवशी फिटरांना धारेवर धरलं तर एकजण म्हणतो कसा, "ताई, मले वाटलं बँकेचा मेसेज हाय. म्या पुसून टाकला." दुसऱ्याला वाटलं सरकारी योजना आली. मला हसावं की रडावं कळेना. मग चिडून ते सगळं खोडलं आणि काका फोनवर म्हणायचे तेच लिहिलं, "पोचले का रे, पोट्टेहो?"

त्या संध्याकाळी टपाटप उत्तरं आली. पोचलो. पोचलो काका. पोचून राह्यलो. एकानं तर "हो बाप्पा, पोचलो, आता जेवू द्या" असं लिहिलं. मी एकटीच फोनकडं बघून हसत होते. त्या चौकटी जोडताना यादीत फक्त बाहेर फिरणाऱ्यांची नावं घातली होती, म्हणजे फिटर आणि काका. ग्रुप मी बघायचे, पण विचारायच्या यादीत माझं नाव नव्हतं. असायचं कारणच नव्हतं, मी खुर्चीवर बसणारी.

मग काका रिटायर झाले. गुडघे गेले होते, फटफटीला किक बसेना. शाल-नारळ झालं, कोथिंबिरीची सांभारवडी झाली, शेठचेही डोळे भरले. काकांच्या जागी नवा माणूस आला आणि न पोचलेल्यांची नावं त्याच्याकडं जायला लागली. यादीतून काकांचं नाव काढायचं मात्र राहून गेलं. सोमवारी सात वाजले. ग्रुपवर पडलं, "पोचले का रे, पोट्टेहो?" आणि सगळ्यांच्या आधी उत्तर आलं काकांचं, "पोचलो."

फिटरांनी खूप चिडवलं. "काका, तुमी तं घरीच हाय!" त्यावर काकांनी लिहिलं, "घरीच पोचलो."

आता नाव काढायचा माझा काही जीव होईना. रोज ते उत्तर द्यायचे. हळूहळू एका शब्दाला शेपूट फुटत गेलं. "पोचलो. वावरातून." "पोचलो. दवाखान्यातून, डाक्टर म्हनते गोड बंद." "पोचलो. साळ्याच्या पोरीच्या लग्नाहून, जेवन बराबर नव्हतं." पोरं त्याखाली काही ना काही टाकायची. ज्या दिवशी काकांचं लवकर यायचं नाही, त्या दिवशी मीच अस्वस्थ. बाईमाणसाचं मन, म्हणाल. म्हणा. मला त्या माणसाचा लळा होता, हे सांगायला मला लाज नाही.

असं वर्षभर चाललं. एक दिवस शेठनी बोलावलं. "ते काकाचं नाव काढा लागते वो," म्हणाले. माझा पाराच चढला. "काका तुम्हाला जड झाले का?" शेठ शांतपणे म्हणाले, "त्या ॲपात शेतकऱ्यायचे नंबर हाय, पत्ते हाय, तक्रारी हाय. उद्या कोनी विचारलं का बाहेरचा मानूस यात कसा, तं म्या काय सांगू? तूच सांग." मी म्हटलं, "काका बाहेरचे?" शेठचं म्हणणं खरं होतं, तेच तर झोंबलं. ऑफिसच्या ॲपाबाहेर साधा गप्पांचा वेगळा ग्रुप काढून बघितला. तिथं सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार यायला लागले. माझी चौकटींची कारागिरी तिथं चालत नव्हती, कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. काकांनी तिथं एक अक्षर लिहिलं नाही.

शेठनी सोमवारपर्यंत वेळ दिला. असं परस्पर नाव उडवणं मला पटेना, म्हणून रविवारी तळेगावला गेले. काकू दारातच म्हणाल्या, "बरी आली. सात वाजले का याइले चष्मा लागते, फोन लागते. मी काई विचारलं तं आयकू येत नाई." काका ओशाळून हसले. चहा झाला, घरचे पेरू झाले, गावातल्या लग्नांचा सगळा हिशोब झाला. मुद्द्याचं मात्र राहूनच जात होतं. शेवटी निघताना चपला घालता घालता बोलून टाकलं. "काका, उद्यापासून तो सातचा मेसेज तुम्हाला येणार नाही. नाव काढावं लागतंय. आणि खरं सांगू का, ते मी विचारत नव्हते. ते आपोआप जात होतं."

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच येडी.

"मले का समजत नाई?" म्हणाले. "मशीन हाय ते. माह्यासमोर तं बसवलं तू."

"मग रोज उत्तर काऊन देत होते?"

"विचारलं तं सांगा लागते ना वो."

काकू आत निघून गेल्या. काकांनी अंगणातल्या झाडाचे आणखी दोन पेरू तोडून माझ्या हातात दिले. मग एकदम भलतंच विचारलं, "तू आर्वीहून कोन्त्या गाडीनं जाते घरी?"

"साडेसातची मिळाली तर मिळाली. कधी उशीर होतो."

"स्टँडवर एकटीच राह्यते?"

"असतात की माणसं."

"हूं," म्हणाले. "सांभाळून जाजो."

सोमवारी मी काकांचं नाव काढलं. एक टिचकी. "नक्की काढायचं?" असं ॲपनं विचारलं, तेवढीच काय ती त्याची माणुसकी. दिवसभर मी सगळ्यांवर खेकसत होते. साडेसहाला कुलूप लावलं आणि आर्वीच्या स्टँडवर येऊन बसले. गाडीला अजून वेळ होता. फलाटावर शेंगदाणेवाला आणि पुलगावला जाणारी दोनचार कॉलेजची पोरं होती.

सात वाजले. फोन थरथरला, ग्रुपवर प्रश्न पडला. पोचलो. पोचलो. पोचून राह्यलो. सगळ्यांची आली. वरचं पहिलं उत्तर मात्र दुसऱ्याच कोणाचं होतं. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. माझे डोळे भरून आले होते आणि शेंगदाणेवाला बघत होता.

तेवढ्यात फोन वाजला. काका.

मला वाटलं, आता म्हणतील, आज मेसेज नाई आला वो. काय उत्तर देऊ, याची जुळवाजुळव करतच उचलला.

"पोचली का वो?"

एवढी वर्षं रोज संध्याकाळी साऱ्या पोट्ट्यांना विचारायची सोय मी केली, आणि रोज सगळ्यांच्या शेवटी कुलूप लावून घरी जाणारी मीच होते. मला हे कोणी विचारलं नव्हतं. मलाही ते कधी सुचलं नव्हतं.

"अवं, आयकू येते का? पोचली का?"

"नाई काका," मी कसंबसं म्हटलं. "स्टँडवरच हाओ. गाडी नाई आली."

"मंग पोचल्यावर सांगजो. मी बसून हाओ."

आणि फोन ठेवून दिला. बोलायला लावलाच नव्हता.

गाडी आठला आली. घरी पोचले, चपलाही काढल्या नाहीत, आधी फोन लावला. एकाच घंटीत उचलला गेला.

"पोचली, काका."

"बरं," काका म्हणाले, आणि आत ओरडून सांगितलं, "वाढ वो, पोचली ते."