तीन नंबरचा पिस्टन

दादाने गॅरेजला नवं कुलूप लावलं तेव्हा बाबांना जाऊन चौदा दिवस झाले होते. गॅरेज म्हणजे अंजूरला आमच्या अंगणातच उभी केलेली पत्र्याची शेड. बाबा तिथे गाड्या दुरुस्त करायचे आणि शाळेत असल्यापासून मी त्यांच्या बाजूला उभी असायचे. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडते ते टायमिंग बघायचा त्यांचा एक दिवा होता, पिस्तुलासारखा. चालू इंजिनच्या पुलीवर त्याचा उजेड मारला की फिरती खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसायची. तो त्यांनी मला दिला होता. तो आत राहिला. मी किल्ली मागितली तर दादा म्हणाला, गिऱ्हाइकं येतात-जातात, बाईमाणूस आत बरं दिसत नाही.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. एका घरात, एका चुलीवरचं जेवून.

मी तोवर डिप्लोमा करून शेलार गावाच्या बाजूला एका डाईंगमध्ये लागले होते. कापड रंगवायच्या मशीनचं तापमान सांभाळणारे कंट्रोलर बिघडले की ते बघायचं माझं काम. तिथले लोक मला मॅडम म्हणायचे. घरी आल्यावर मी कोणी नव्हते. दादा मला उद्देशून काही बोलायचाच तर आईकडे बघून बोलायचा, आणि मीही तसंच करायचे.

दोन हजार सात साली त्याने ती गाडी आणली. जुनी, पेट्रोलची, इंजेक्शनवाली. ती त्याला चालवायला नको होती, बनवायला हवी होती. भंगारातून त्याने टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा आणला, त्यासाठी लागणारा सायलेन्सरचा पुढचा पाइप स्वतः कापून स्वतः जोडला. मी खिडकीतून बघत होते. वेल्डिंग इतकं सरळ की शिवण घातल्यासारखं. माणूस कसाही असो, त्याचा हात चांगला होता, हे मी तेव्हाही मनात म्हटलं आणि म्हटल्याचा मला रागही आला.

अडलं ते पुढे. टर्बो लावल्यावर गाडीच्या मूळ कॉम्प्युटरला काही समजेना. मग दादाने कोणाच्या तरी ओळखीने परदेशातून एक दुसरा कॉम्प्युटर मागवला, लॅपटॉप जोडून ज्यात आपल्याला हवं ते भरता येतं. पण तो कोरा येतो. कार्बोरेटरच्या गाडीत स्क्रू असतो, स्क्रूड्रायव्हर लावायचा, कान द्यायचा, पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. दादा त्यात उस्ताद होता. इथे स्क्रूच नव्हता. एक मोठं कोष्टक होतं: आडवे इंजिनचे फेरे, उभा इंजिनवरचा भार, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा त्याचा. असे अडीचशेवर चौकोन. दादा महिनाभर झगडला. गाडी चालू व्हायची, काळा धूर ओकायची, बंद पडायची. एकदा अंजूरफाट्याच्या सिग्नलला बंद पडली आणि मागच्या टेम्पोवाल्यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. मग त्याने ठाण्याहून एक जाणकार बोलावला. तासाभरात दोघांचं भांडण झालं आणि तो माणूस चहा अर्धा टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याकडे आली. म्हणाली, तुझं शिक्षण असलंच हाय ना, बघ की जरा. मी म्हटलं, त्याने विचारलं तर बघेन. ती म्हणाली, तो न्हाय विचारायचा. मरंल पण न्हाय विचारायचा.

मी हो म्हटलं. आईसाठी म्हटलं असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं म्हणजे मला ते इंजिन हातात हवं होतं. आणि मला त्याला दाखवायचं होतं की ज्या शेडला तू कुलूप लावतोस तिथे तुझं माझ्यावाचून अडतं.

दर शुक्रवारी काम करायचं ठरलं. शुक्रवारी भिवंडीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, आमचं डाईंगही. एरवी शेजारच्या कारखान्याची खडखड इतकी की इंजिनचा बारीक आवाज कानावर येणंच अशक्य. आणि तो बारीक आवाजच महत्त्वाचा होता. हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरमध्ये पेट्रोल कमी पडलं किंवा ठिणगी फार आधी पडली की आत स्फोट वेडावाकडा होतो, इंजिन ठोकतं. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो ऐकायला मी तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून इंजिनला बोल्टने आवळलं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावली, ती कानात. दादा ते बघून हसला. पण नळी काढायला आला नाही.

गाडी अंगणात. मी मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन, दादा पुढे पेडलवर, आई ओट्यावर सुकट निवडत. मी म्हणायचे, आई, त्याला सांग दोन हजार फेऱ्यांवर धरून ठेव. आई म्हणायची, दोन हजारावर धर रे. तो तिला सांगायचा, धरलंय, तिला दिसत नाही का. असे तीन शुक्रवार. एकेका चौकोनात जायचं, मिक्श्चरचा काटा बघायचा, आकडा एक-दोन टक्क्यांनी हलवायचा, पुढचा चौकोन. तिसऱ्या शुक्रवारी गाडी सकाळच्या थंड इंजिनावर पहिल्या चावीला चालू झाली आणि शिवणयंत्रासारखी एका लयीत चालू राहिली. आईने सुकटीचं सूप खाली ठेवलं. दादा बोनेटवर हात ठेवून उभा होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

त्याच वेळी एक गिऱ्हाईक आलं, शेजारचा एक लूममालक. त्याने विचारलं, किसने किया उस्ताद? दादा म्हणाला, "इंजिन तो मैंने बनाया. ये तो बस बटन दबाती है."

मी लॅपटॉप मिटला आणि आत गेले.

पुढचं काम रस्त्यावरचं होतं, कारण टर्बोचा दाब जागेवर येत नाही. गाडी पळवावी लागते. त्यासाठी रविवार, आणि जागा वळ गावाकडची: गोडाउनांच्या मधला सिमेंटचा रुंद रस्ता, रविवारी ट्रेलर उभे, माणूस नाही. तिथे आई नव्हती. त्यामुळे आम्हाला सरळ बोलावं लागणार होतं. आम्ही एकच शब्द ठरवला. मिक्श्चरचा काटा एक भाग पेट्रोलला किती भाग हवा ते दाखवतो; आकडा चढला की पेट्रोल कमी पडतंय. दाबाखाली तो बारापर्यंत चालेल. साडेबाराच्या वर गेला की मी म्हणायचं, सोड, आणि त्याने पाय काढायचा.

पहिल्या रविवारी मी नऊ वेळा सोड म्हटलं. नवव्यांदा त्याने गाडी थांबवली. मी त्याला सांगितलं की वरच्या फेऱ्यांवर मी आकडा कितीही वाढवला तरी मिक्श्चर कोरडंच पडतंय; इंजेक्टर जवळजवळ पूर्ण वेळ उघडे आहेत; याचा अर्थ पेट्रोलचा पंप कमी पडतोय, पंप बदल. तो म्हणाला पंप नवा आहे. मी म्हटलं, नवा असेल, पण या इंजिनाला लहान आहे. मग तो म्हणाला की प्रत्येक गोष्टीत मी त्याचीच चूक काढते, बाबांसमोरही काढायचे, आणि बाबा दर वेळी माझंच खरं धरायचे. हे त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या रविवारी पंप तोच होता. गाडीत बसताच तो म्हणाला, "आज मधे बोलायचं न्हाय. मी सांगीन तवाच तोंड उघड. तू फक्त लिहून घे."

मी म्हटलं, बरं.

पहिल्या दोन फेऱ्यांत त्याने स्वतःच लवकर पाय काढला. तिसऱ्या फेरीला तिसऱ्या गियरमध्ये त्याने पाय पूर्ण दाबला. टर्बोची शीळ वर चढली, मी सीटला चिकटले. काटा अकरा पॉइंट आठवर होता. मग बारा पॉइंट चार. मग तेरा. माझ्या कानातल्या नळीत खडे वाजायला लागले, आधी दोन-चार, मग मूठभर. मला सगळं समजत होतं. मी त्याच्या मानेकडे बघत होते. घामाने कॉलर भिजली होती, आणि तो खूश होता, हे मागूनही कळत होतं.

मी बोलले नाही.

किती वेळ, हे मला नंतर लॅपटॉपवर दिसलं. अडीच सेकंदांच्या थोडं वर. तेवढ्यात एकदा आवंढा गिळून होतो, एक शब्द तर सहज बोलून होतो. मग खाली कुठेतरी लोखंडी दार आपटल्यासारखा आवाज झाला आणि मागच्या काचेत निळा-पांढरा धूर भरला.

टेम्पोला दोरी बांधून आम्ही गाडी घरी आणली. वाटेत तो स्टिअरिंगवर, मी मागे. दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनचं वरचं झाकण, हेड, उघडलं. तीन नंबरच्या पिस्टनला आरपार भोक पडलं होतं, कडा वितळून गुळासारख्या खाली ओघळलेल्या. त्याने तो पिस्टन आईपुढे ठेवला आणि म्हणाला, हे बघ तुझ्या लेकीच्या कॉम्प्युटरचं काम. आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पंप बदल म्हणून सांगितलं होतं. हे खरं होतं. खरं बोलून केवढं लपवता येतं ते मी त्या दिवशी शिकले.

कॉम्प्युटर चालत्या गाडीचा प्रत्येक क्षण नोंदवून ठेवतो. ती नोंद लॅपटॉपमध्ये होती. पुसायला एका बोटाचं काम. मी पुसली नाही. मला वाटलं, त्याला कुठे वाचता येतंय.

पण दादाने लॅपटॉप नेला. त्या ठाण्याच्या माणसाकडे गेला, ज्याच्याशी भांडला होता त्याच्याचकडे. माफी मागून गेला असणार. त्याशिवाय त्या माणसाने दारात उभं केलं नसतं. पंधरा दिवस येत-जात राहिला. मग एका संध्याकाळी मी कामावरून आले तर तो ओट्यावर बसला होता, हातात छापलेला कागद. त्यावर काट्याची वर चढत गेलेली रेघ होती. त्याने तिच्यावर बोट ठेवलं.

"तेरा कवा दिसला तुला?"

घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आईकडे न बघता माझ्याशी बोलत होता. मी म्हटलं, "झाला तेव्हाच."

"आनि ठोकल्याचा आवाज?"

"तोही."

"मग?"

"तू म्हणालास मधे बोलायचं नाही."

त्याने कागदाची घडी घातली. मला वाटलं ओरडेल, हात उचलेल. त्याने यातलं काही केलं नाही. सावकाश म्हणाला, "जन्मात माझं एक ऐकलं न्हायस. यो एकच शब्द ऐकलास."

मी आत गेले. शरमेने नव्हे, सापडल्याच्या रागाने. शरम नंतर आली, आणि तीही दादामुळे नाही. रात्रीचं जेवण वाढताना आईने विचारलं की गाडीचा वेग किती होता. मी म्हटलं शंभराच्या वर. ती भात वाढायची थांबली. म्हणाली, "इंजिन तिथंच अडकलं असतं, गाडी ट्रेलरखाली गेली असती, तर? तूपन त्याच गाडीत होतीस ना?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या अडीच सेकंदांत मी स्वतःलाही मोजलं नव्हतं. माझा राग किती मोठा झाला होता ते मला तिच्या त्या प्रश्नाने कळलं. पण कळलं म्हणून तो कमी झाला असं मात्र नाही.

दादाने इंजिन पुन्हा बांधलं. चार नवे पिस्टन, आणि मोठा पंप. कोष्टक भरायला त्याने मला बोलावलं नाही, ठाण्याच्या माणसालाही नाही. शुक्रवारी लूम बंद झाले की तो एकटा पुढच्या सीटवर बसायचा, मांडीवर लॅपटॉप, कानात माझीच नळी. पायाने पेडल धरून ठेवायचा आणि एका बोटाने बटणं शोधत आकडे दाबायचा. मी खिडकीत उभी राहून बघायचे. तो चुकायचा ते मला ऐकू यायचं: दोन हजारांच्या खाली पेट्रोल जास्त, ठिणगी थोडी उशिरा. एक वाक्य बोलले असते तर त्याचा एक महिना वाचला असता. त्याने मान वर करून विचारलं नाही, मीही खिडकी सोडली नाही. रविवारी तो एकटाच गोडाउनांच्या रस्त्यावर गाडी पळवून यायचा. त्याला पाच महिने लागले.

त्याच वर्षी मला वापीला नोकरी लागली आणि मी गेले. निघताना मी दादाच्या पाया पडले, आई बघत होती म्हणून. त्याने पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

दिवाळीला आले तेव्हा शेडचं दार उघडं होतं आणि तो गाडी बाहेर काढत होता. गेटातून निघून त्याने रस्त्याला लावली आणि पाय दाबला. मी ओट्यावर उभी राहून ऐकलं. पहिला गियर, दुसरा, तिसरा. शीळ वर चढत गेली, कुठे अडखळली नाही, कुठे खडा वाजला नाही. काम स्वच्छ होतं. मी केलं असतं तर याहून चांगलं झालं नसतं. आईने विचारलं, कशी वाजते गं? मी म्हटलं, ठीक आहे. आणि बॅग उचलून आत गेले.