जाजमावर मांडलेल्या तासण्या

लढाईत असताना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात मी ज्या साहेबाची गाडी चालवायचो, त्याला जुने दगड गोळा करायचा नाद होता. हजारो वर्षांपूर्वीची माणसं कातडं खरवडायला दगडाची तासणी घडवत, असं तो सांगायचा. तळहातात मावणारा, एका कडेला धार असलेला दगड. मी एवढंच शिकलो आणि सगळं शिकलो असं समजून लढाईनंतर म्हसवडजवळच्या आमच्या गावी परतलो.

माणगंगेच्या कोरड्या पात्रात मला जिकडंतिकडं तासण्या दिसू लागल्या. घरात ढीग झाला. बा मेंढरं राखायचा. येईल त्याला तो ढीग दाखवायचा. "आमच्या पोरानं वळखल्यात. लय जुन्या हायत."

मी पुण्याच्या एका जुन्या दगडी हत्यारांच्या अभ्यासकांना कार्ड टाकलं. साताऱ्याला कामासाठी आले असता ते खरोखरच मोटारीनं गावात उतरले. बानं चावडीपुढं जाजम अंथरलं, गाव जमवलं, माझ्यासाठी झेंडूचा हार आणला. मी पलटणीचा खाकी कोट चढवला होता.

अभ्यासक उकिडवे बसले. एकेक दगड उचलायचे, उन्हाकडं फिरवायचे आणि डाव्या बाजूला ठेवायचे. ती निवडलेल्यांची बाजू असं मला वाटलं. मी आणखी दगड त्यांच्यापुढं सरकवत राहिलो. उजवीकडं एकही गेला नाही.

"हे कुठून आणलेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"नदीतून. थोडे सडकेच्या कडेनं."

"ही खडी आहे हो. काही गाडीच्या चाकाखाली फुटलेली, काही पुरात आपटलेली."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. बाला काही उमगलं नव्हतं. तो हार घेऊन पुढं आला. "आवं साहेब, मग हार कवा घालायचा?"

आता सगळेच हसले. अभ्यासकांनी पटकन आपली मान पुढं केली, बानं गोंधळून हार त्यांच्या गळ्यात घातला. मी कोटाच्या बटणांकडं बघत उभा होतो. लढाईत भीती वाटली होती, पण जमिनीनं गिळावं असं तिथं कधी वाटलं नव्हतं.

घरी जाताना मला बाला समजावून सांगावं लागलं. त्यानं डोक्यावरचा पटका सारखा केला. मग म्हणाला, "पाव्हणं जेवत्याल न्हवं?"

जेवण झाल्यावर अभ्यासक मला नदीवर घेऊन गेले. खरी तासणी आमच्याकडं बहुधा गारगोटीची मिळेल, म्हणाले. जिथं घाव बसला तिथं खाली किंचित फुगवटा असतो. धारेवर एकाच बाजूनं बारीक टवके ओळीनं काढलेले असतात. चाक असं ओळीनं टवके काढत नाही. आणि जुन्या टवक्यावर काळाची साय धरते, ताजा लखलखतो. मी हो हो म्हणत होतो. कान तापले होते.

पुढं मी चावडीचा रस्ताच टाकला. सांगलीच्या बाजूला मोटारीवर ड्रायव्हर म्हणून लागलो, सणालाही घरी जायचं टाळायचो. एकदा गाडीचं पाणी तापलं म्हणून एका टेकाडापाशी थांबलो, तर पायाशी मधाच्या रंगाची गारगोटी. फुगवटा होता. टवक्यांची ओळ होती. तरी मनाचा भरवसा नव्हता, म्हणून पुण्याला पाठवली. ती परत आली, सोबत एका ओळीचं उत्तर: तासणीच आहे.

गावी जाऊन बाला दाखवली. तो लगेच उठला. "चल, चावडीवर दावू."

"नको बा."

"का रं?"

 तो पटका बांधून, तासणी घेऊन एकटाच गेला. मी घरात बसून राहिलो. आपल्यापायी हसं झालेला म्हातारा पुन्हा त्याच लोकांपुढं उभा आहे, हे मला दिसत होतं, तरी पाय उचलले नाहीत.

उन्हं कलल्यावर तो आला.

"काय म्हणाले?"

"दोघं हसलं. एकानं हातात घेऊन बघितली." तासणी माझ्या मांडीवर ठेवून तो मेंढरांना पाणी पाजायला गेला.