तिच्या मागुरांच्या अंगावरचे फोड

आधीच सांगून टाकतो, मासे वाचले. सारे नाही, पण वाचले. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला कशाला लावायचा? माझा टांगला होता तेवढा पुरे.

आमच्या धानाच्या बांधीला लागून एक बोडी आहे, शेतापुरतं पाणी धरणारा लहान तलाव. मी जन्मभर गावच्या मोठ्या तलावावर जाळं टाकलं; बोडी मात्र घरवालीची. तिनं त्यात देशी मागूर वाढवले. मिशा असलेला, खवले नसलेला, चिखलातही तग धरणारा मासा. बाजारातला थोराड परदेशी मागूर तिला चालत नसे. "तो मासा नोहे, रेडा होय," म्हणायची. दोन वर्षांमागं माघात ती गेली. लुगडी वाटली, भांडी सुनेकडं गेली. तिच्या हातचं जितं काही उरलं असेल तर ते मागूर.

त्यांना चारा घालायची तिची एक रीत होती. बुडाला भोकं पाडलेलं मातीचं मडकं, त्यात कोंडा आणि जवसाची ढेप, आणि ते बांबूला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवायचं. मासे खालून टोचून खात. ती गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात माझ्या हातून ते मडकं फुटलं. नवं आणायला बाजारात कोण जाते? बांधावर तणनाशकाची रिकामी कॅन पडली होती. प्लास्टिकची, फुटायचं काम नाही. विळ्यानं कापली, भोकं पाडली, साबणानं तीनदा धुतली आणि लटकवली. मोठी हुशारी केली असंच वाटलं मला.

पुढच्या वर्षी आषाढात माद्यांची पोटं भरली नाहीत. मी मनावर घेतलं नाही. मग पूस महिन्यात मासे काठाला येऊन पडू लागले. अंगावर लाल फोड, काहींचं तर मांस उघडं. थंडीत एखाददुसऱ्याला असं होते, ते मी लहानपणापासून पाहतो. इथं अर्ध्याअधिकांना झालं होतं.

शेजारच्या बांधीवाला माझ्याच वयाचा. तो नाक दाबून आला.

"भाऊ, मोहाची ढेप टाक. सारे मरतीन. मंग चुना मार अन् नवं बीज सोड. काऊन जीव जाळून राह्यला मासोळीपायी?"

"तुह्या बापाची बोडी हाय का?"

"बापाची नाई, पन वास माह्या घरी येते ना!"

तो वाईट सांगत नव्हता. बिमार तलाव तसाच साफ करतात आमच्याकडं. मी माशांना मारणारी ती ढेप आणलीही. पोतं दोन दिवस ओसरीवर पडून होतं. हात उचलत नव्हता.

तेवढ्यात ब्रह्मपुरीच्या कॉलेजातली एक बाई गावातल्या बोड्यांचं पाणी बाटल्यांत भरून न्यायला आली. माझ्या मुलीएवढी. मी तिच्यासमोर फोडवाला मागूर धरला. तिनं मासा पाहिला, मग बांबूकडं पाहिलं.

"बाबाजी, ही कॅन कशाची?"

"औषधाची. पन तीनदा धुतली हाय, साबणानं."

"कुठे धुतली?"

"बोडीतच. आनखी कुठी धुतीन?"

तिनं कपाळाला हात लावला. मग काठावर बसून सांगितलं. मी चौथी शिकलेला, मला समजलं ते असं. माशाच्या रक्तात निरोप फिरतात. अंडी धर, वाढ, रोग आला तर भांड. त्यांना हार्मोन म्हणतात. फवारणीच्या औषधात आणि ते पानाला चिकटवायला घालतात त्या साबणासारख्या चिजेत काही असं असते की ते अंगात जाऊन खोटा निरोप देते. थोडंसंही पुरते. मासा लगेच मरत नाही, पण भांडायचं विसरतो. फोडाचा रोग तर पाण्यात असतोच. अशा माशाला तो धरतो.

"मंग मीच मारले म्हना ना," मी म्हटलं.

"पाणी तपासल्याशिवाय मी छातीठोक नाही सांगणार. अन् एकट्या कॅननं इतकं होत नाही. फवारणीचे पंप कुठे धुता तुम्ही लोक?"

माझ्यामागं उभा असलेला शेजारी आभाळाकडं पाहू लागला. तोही बोडीतच धुवायचा. मी त्याला कधी अडवलं नव्हतं.

"ढेप टाकू का नाई, तेवढं सांगा."

"इतक्यात नको. कॅन काढा, पंप धुणं बंद करा, बिमार मासे वेगळे करा, विहिरीचं पाणी सोडा. पावसाळ्यापर्यंत थांबा."

आठ-पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. पाण्यात तसलं औषध निघालं होतं. शेजाऱ्यानं न सांगता आपला मोटरपंप आणून विहिरीला लावला.  मेलेले मासे मी रोज पुरायचो. एकदा सात. मग तीन. मग नुसता जाऊन परत यायचो.

या आषाढात पाऊस धरला तेव्हा हातजाळ्यानं एक मादी काढली. पाठीवर पांढरा वण, फोड सुकलेला. पोटाखाली बोटं नेली तर पोट गच्च, अंड्यांनी तटतटलेलं. पुन्हा एक काढली. तीही तशीच. तिसरी निसटली, ती इतक्या जोरात की चिखल माझ्या डोळ्यांत.

शेजारी बांधावरून ओरडला, "काय झालं बे, रडून राह्यला का?"

"चिखल गेला डोयात!"

"दोनी डोयात?"

मी माद्या पाण्यात सोडल्या, घरी जाऊन भात रांधला आणि पोटभर जेवलो. पुसापासून घास गिळवत नव्हता.