शिंपल्याची ओटी

माझा सातवा महिना चालू होता आणि सासूबाई परत निघाल्या होत्या. आल्या होत्या बाळंतपणासाठी, पण तिकडे नाशिकला सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन अचानक ठरलं. त्यांच्याजवळ दुसरं कोण होतं? जाण्याआधी एकदा माझी ओटी भरायची, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि माझं म्हणणं, नाही म्हणजे नाही.

आधीच्या खेपेला चोरओटीपासून सगळं साग्रसंगीत झालं होतं. इथे आखातात अल नस्र भागात राहणाऱ्या मैत्रिणींनी हिरव्या बांगड्या भरल्या, फोटो काढले, एकीने तर हौसेने झबलीसुद्धा शिवली. आणि थोड्याच दिवसांत सगळं संपलं. ती झबली कपाटातून काढताना माझं काय झालं ते माझं मला ठाऊक. म्हणून या वेळी मी मैत्रिणींपैकी कुणाला कळवलंसुद्धा नव्हतं. मुळात मी तापट, त्यात भ्यालेली. घरात कुणाची टाप होती बोलायची!

इथे फुटबॉलच्या वर्ल्ड कपची तयारी तेव्हा ऐन भरात होती. नवरा स्टेडियमच्या साइटवर इंजिनिअर, त्याला शुक्रवारची सुट्टीसुद्धा मिळाली तर मिळाली. मदिनत खलीफातल्या आमच्या घरासमोरचा रस्ता कितव्यांदा खणला होता देव जाणे. अखेर एक शुक्रवार मोकळा मिळाला, तेव्हा तो म्हणाला, आईला घेऊन उत्तरेला जाऊ, अल रुवैसला किनाऱ्यावर नवीन शिल्प बसवलंय. त्या दिवसांत जिकडेतिकडे शिल्पंच उगवत होती. निघताना सासूबाईंची पर्स नेहमीपेक्षा जड दिसली, पण मी विचारलं नाही.

शिल्प होतं मोठं. माणसाहून उंच, पांढरं, मधे गरगरीत फुगलेलं, समुद्राकडे तोंड करून उभं. सासूबाई बघतच राहिल्या. भरल्या दिवसांची आहे बिचारी, म्हणाल्या. नवऱ्याने पाटी वाचून सांगितलं की आई, हा शिंपला आहे, पूर्वी इथली माणसं मोती काढायला समुद्रात जायची. त्यावर त्या म्हणाल्या, पुरुष गेले म्हणजे बायका मागे राहिल्याच असतील, त्यातलीच ही. नवरा हसला आणि चहा आणायला गेला. माझे पाय सुजले होते, मी बाकावर टेकले.

मान वर करून बघते तर काय, बाईंनी पर्समधून खण, नारळ आणि तांदळाची पुडी काढून त्या शिंपल्याच्या पायाशी ठेवलेली! कुंकवाची डबीही हातात. मी भरून घेत नाही, म्हणून हिची. माझा पारा असा चढला! परका मुलूख, चारचौघं बघतायत, काय हा पोरकटपणा! मी उठले, पण माझ्याआधी सिक्युरिटी गार्ड पोचला. नेपाळी होता. अदबीने हिंदीत म्हणाला, माताजी, इथे काही ठेवता येत नाही, वर कॅमेरा आहे, मलाच ओरडा बसेल.

सासूबाईंनी सगळं उचललं आणि तिथेच अडकल्या. ओटीत घातलेलं देणारीने परत घरी न्यायचं नसतं. टाकायचं तर मुळीच नाही. गार्ड पुरुष, त्याला ओटी कशी द्यायची? समुद्रात सोडावं म्हणून तिकडे बघितलं तर गार्डने आधीच नकाराची मान हलवली. खण-नारळ छातीशी धरून त्या वाऱ्यात उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला भडभडून आलं.

मी जवळ गेले आणि ओढणी पुढे पसरली.

"ही तिचीच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तू फक्त सांभाळ. तुझ्यासाठी मी काही मागितलेलं नाही, घाबरू नकोस."

माझी अट पाळून त्या देत होत्या. सात महिने मी पोटातल्या जिवाला कुणाचा आशीर्वाद लागू दिला नव्हता. या दगडालासुद्धा तो मिळाला, आणि माझं बाळ तेवढं कोरडं. मुलगा की मुलगी, इथे डॉक्टर विचारलं की सांगतात. मला कधीचं ठाऊक होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, तोंडातून शब्द गेला की हे बाळही जाईल अशी धास्ती.

त्यांनी नारळ पुढे केला. मी त्यांचा हात धरला.

"तिची नको, आई. माझी भरा, पहिल्यापासून, कुंकू लावून." आणि मग सांगून टाकलं, "मुलगी आहे."